ऑइलचा रकाना

आमच्या घरात स्कूटरची एक वही आहे. १९८३ साली चेतक दारात आली, त्या संध्याकाळी बाबांनी ती आखली. फुलस्केप, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, रुपये असे पाच रकाने, पट्टी धरून मारलेले. पेट्रोल पाच लिटर, की शेजारी ऑइल शंभर मिली. दोन टक्के, त्यात कधी फरक नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजावं लागे. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर मागे निळा धूर आणि प्लग काळाकुट्ट. पंपावरच्या पोऱ्यावर बाबांचा विश्वास नव्हता. तो माप ओतत असताना ते वाकून बघत आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत त्याला माप सरळ करू देत नसत. मागे लाईन लागलेली, लोक हॉर्न मारताहेत, आणि मी पुढच्या मोकळ्या जागेत उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्या स्कूटरसाठी बाबांनी सात वर्षं वाट पाहिली होती. नंबर लावायचा आणि विसरून जायचं, असा तो काळ. परदेशातून कुणी डॉलर पाठवले तर गाडी लवकर मिळे. आमचं परदेशातलं कुणी म्हणजे बेळगावची आत्या. गाडी तयार व्हायची आकुर्डीला, घरापासून पंचवीस किलोमीटरवर, आणि तिला यायला लागली सात वर्षं. कुठली घ्यावी हा प्रश्नच त्या पिढीला पडला नाही. मिळेल ती, मिळेल त्या रंगाची.

मला तो पडला २०२४ च्या श्रावणात, धनकवडीतल्या गॅरेजसमोर, भिजलेला रेनकोट हातात घेऊन.

माझी पेट्रोलची गिअरलेस तेरा वर्षांची झाली होती. गॅरेजवाल्यांनी आवाज ऐकला, सायलेन्सरमागे हात धरून वास घेतला आणि म्हणाले, "ताई, इंजिनचं काम निघालंय. पंधरा हजार घालायचे का हिच्यात, तुम्हीच ठरवा." नवीन घ्यायची हे मनात आधीच ठरलेलं होतं. आता पेट्रोलची की इलेक्ट्रिक?

पुण्यात हा प्रश्न मोठ्याने विचारू नये. ऑफिसात, जिन्यात, भाजीवालीकडे, जिथे विचारावा तिथे उत्तर तयार. कुणाच्या मेहुण्याची बॅटरी दोन वर्षांत बसली. कुणाच्या साडूने तीन वर्षांत पंक्चरशिवाय दमडी खर्च केली नाही. चार दिवस ऐकल्यावर ध्यानात आलं, की ठाम मतं आहेत ती सगळी मेहुण्यांच्या आणि साडूंच्या गाड्यांबद्दल. ज्याने स्वतः घेतली आहे तो माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "रनिंग किती तुमचं?"

माझं रनिंग मला पाठ होतं. धनकवडी ते औंध जाऊन-येऊन सत्तावीस, वर भाजी, बाबांची औषधं, लेकीचा क्लास. तीस धरा. वर्षाचे नऊ हजार. लिटरला पंचेचाळीस पडलं तर दोनशे लिटर पेट्रोल, आणि पुण्यात तेव्हा लिटरचे १०४ रुपये. म्हणजे वीस हजार आठशे. इलेक्ट्रिकला एका पूर्ण चार्जला भिंतीतून साडेतीन युनिट, त्यावर खरंखुरं अंतर नव्वद किलोमीटर. वर्षाचे साडेतीनशे युनिट. सगळे आकार धरून युनिट बारा-तेरा रुपयांना, म्हणजे साडेचार हजार. फरक सोळा हजारांचा. गाडी चाळीस हजारांनी महाग, म्हणजे अडीच वर्षांत फिटंफाट.

चाळीस हजारांचा हा फरकसुद्धा सरकारच्या कृपेने एवढ्यावर थांबलेला. इलेक्ट्रिकवर जीएसटी पाच टक्के, पेट्रोलच्या स्कूटरवर तेव्हा अठ्ठावीस. शिवाय इलेक्ट्रिकला रोड टॅक्स माफ. सबसिडी मात्र दरवर्षी आटत चाललेली. २०२१ मध्ये बॅटरीत मावणाऱ्या विजेच्या दर युनिटमागे पंधरा हजार मिळायचे, २०२३ च्या जूनमध्ये दहा झाले, २०२४ च्या एप्रिलपासून पाच. "अजून वर्षभर मेहुण्यांची मतं घेत बस," नवरा म्हणाला, "म्हणजे तेही जातील." (आम्ही गाडी घेतल्यावर वर्ष होतंय न होतंय, तोच २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या स्कूटरवरचा जीएसटी अठरावर आला. तेव्हा नवरा शहाण्यासारखा काही बोलला नाही.)

हिशेब असा स्वच्छ असताना निर्णय व्हायला हवा होता. आडवा आला सातारा.

"साताऱ्याला जायचं झालं तर?" हा बाबांचा प्रश्न. तिथे माझा मामा. पुण्याहून एकशे दहा किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा घाट. मी तेरा वर्षांत स्कूटरने साताऱ्याला किती वेळा गेले? एकदा. घाटात पावसाने असं झोडपलं, की पोचल्यावर मामीने आधी कोरडी साडी दिली आणि मग पाणी. त्यानंतर नाव काढलं नाही. तरी प्रश्न गळ्यात अडकला तो अडकलाच. रोज जातो त्या सत्तावीस किलोमीटरचा विचार कुणी करत नाही. गाडी घ्यायची म्हटली की न गेलेल्या साताऱ्याला जावंसं वाटायला लागतं.

वाटेत संपली तर, ही धास्ती बाबांना मात्र नवी नव्हती. जुन्या स्कूटरला पेट्रोलचा काटा नव्हता. सीट उचलायची, झाकण काढायचं, गाडी हलवून आतला डुबुक आवाज ऐकायचा आणि किती उरलंय ते ओळखायचं. चालताचालता इंजिन खोकलं, की बाबा एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने सीटखालचा कॉक रिझर्व्हवर फिरवत. टाकीच्या तळाशी राखून ठेवलेलं ते थोडं पेट्रोल म्हणजे घरातल्या डब्यात आईने ठेवलेल्या पैशांसारखं, हिशेबात नसलेलं. तेही संपलं तर गाडी तिरपी करायची. कोपऱ्यात साचलेला घोट कार्ब्युरेटरपर्यंत पोचला तर पंपापर्यंत नेई. इलेक्ट्रिकमध्ये हे काही नाही. पडद्यावर ३७ टक्के दिसतात, मग ३६ दिसतात. गाडी तिरपी करून छत्तिसाचे अडतीस होत नाहीत. पेट्रोल संपल्यावर बाटली घेऊन पंपावर चालत जाता येतं. वीज बाटलीत आणता येत नाही, हेही खरंच.

गॅरेजवाल्यांना विचारलं, ते उत्तर मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. एक उघडलेली गाडी समोर होती, बेल्ट कव्हर बाजूला काढलेलं. त्यांनी हात पुसले. "खरं सांगू का ताई, पेट्रोलचीच घ्या म्हणायला पाहिजे मी." मग समोरच्याच गाडीवर बोट ठेवत गेले. ऑइल बदलणं, एअर फिल्टर, प्लग, बेल्ट, त्या बेल्टमागचे रोलर, क्लच शू, जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर साफ करणं. "हे सगळं माझं पोट. तुमच्या बॅटरीवाल्या गाडीत यातलं काही नाही. माझ्या वाट्याला काय? ब्रेक शू, टायर, बेअरिंग, पुढचे शॉकअप. बाकी बिघडलं तर लॅपटॉप लावणार कंपनीचा माणूस. माझ्याकडे पाना आहे." थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "पण तुमचं रनिंग बघता तीच बरोबर पडेल." स्वतःच्या पोटावर पाय देणारा सल्ला मला या सगळ्या प्रकरणात एकट्या त्यांनीच दिला.

बाबांकडे कात्रणं होती. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटरी पेटल्या, त्यातली एक पुण्यातच. ते सगळं त्यांनी वहीत दुमडून ठेवलेलं. मीही मग वाचून काढलं. त्या आगींनंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, एआयएस-१५६ नावाच्या मानकात दुरुस्त्या झाल्या आणि २०२२ च्या डिसेंबरपासून, मग २०२३ च्या मार्चअखेर, अशा दोन टप्प्यांत त्या लागू झाल्या. बॅटरीतला एखादा सेल तापून बिघडला तर आग शेजारच्या सेलना किती लवकर धरते, हेही त्यात तपासतात. बाबांनी ऐकून घेतलं. कात्रणं काही फेकली नाहीत.

ट्रायल घ्यायला लेक बरोबर आली होती. ती तेव्हा सतरा वर्षांची, म्हणजे जिला चालवायला बंदी आणि मत द्यायला पूर्ण मोकळीक अशा वयाची. मूठ पिळली आणि गाडी जी सुटली! पेट्रोलच्या गिअरलेसला आधी गुरगुरायची, मग हलायची सवय असते; ही विचारसुद्धा करत नाही. आणि आवाज नाही. गल्लीत कुत्रं रस्त्याच्या मधोमध पसरलेलं होतं, चाक शेपटीजवळ गेलं तेव्हा त्याने मान वर केली. पुढे दोन आजीबाई रमतगमत चाललेल्या. हॉर्न दिला तर दचकल्या आणि म्हणाल्या, "अगं, आवाज तरी करायचा!" मुद्दा बरोबर होता.

शोरूममधल्या मुलाने सांगितलेलं अंतर एकशे सत्तावीस किलोमीटर. सर्टिफिकेटवरचं. असली सर्टिफिकेटं देणारी एआरएआय नावाची संस्था पुण्यातच आहे, कोथरूडच्या अंगाला वेताळ टेकडीवर, १९६६ सालची. चाचणी होते ती गाडी रोलरवर चढवून, ठरवलेल्या वेगाने, ठरवलेल्या थांब्यांनी. संस्था टेकडीवर, पण चाचणीत टेकडी नाही. दांडेकर पुलाचा सिग्नल नाही, मागे सासऱ्यांना बसवून दवाखान्याला पळणारा जावई नाही. एकशे सत्तावीसचे नव्वद होतात ते असे. त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. पेट्रोल गाड्यांचं मायलेजही छापील आणि घरचं असं दोन प्रकारचं असतं, हे बाबांच्या वहीत पानोपानी लिहिलेलं आहे.

एवढं झाल्यावर नवऱ्याने सहज विचारलं, "पण चार्ज कुठे करणार?"

आमची सोसायटी १९९२ ची. सोळा फ्लॅट, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग खाली. खाली लाईटचे पॉइंट तीन. एक जिन्याचा, एक पंपाचा, एक वॉचमनच्या रेडिओचा. खिडकीतून वायर सोडायची म्हटलं तर मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं वाळवण. रीतसर अर्ज केला आणि तो सर्वसाधारण सभेत ठेवण्यात आला.

ती सभा अडीच तास चालली. विषयपत्रिकेवर गळकी टाकी पहिली होती. टाकी सात मिनिटांत संपली. माझ्या प्लगवर मात्र भाषणं झाली. आज स्कूटर आणली, उद्या कार आणतील. बिल कॉमन मीटरवर आलं तर आम्ही का भरायचं? तळमजल्यावरच्या काकांनी लिफ्टचा विषय काढला, कारण तळमजल्यावर राहून लिफ्टचा मेंटेनन्स ते गेली तीस वर्षं भरताहेत आणि प्रत्येक सभेत तो काढतात. आगीचं निघालं. महावितरण चार्जिंगसाठी वेगळं मीटर देतं असं एकाने सांगितलं, त्यावर ते लावायचं कुठे यावर अर्धा तास. शेवटी ठराव झाला: सबमीटर, पंधरा अँपिअरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी, वर कुलपाची पेटी, दरमहा रीडिंग सेक्रेटरींना, सगळा खर्च माझा. इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने आधी अर्थिंग तपासलं. ते नव्हतंच. बत्तीस वर्षं सोळा घरांचा पंप विनाअर्थिंग चालला होता. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, पण त्या दिवसापासून काकू पंपाचं बटण पायात चप्पल न घालता लावतात.

हे सगळं चाललेलं दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा बाकावर बसून ऐकत होता. घरोघर पार्सलं पोचवण्याचं काम करतो. दिवसाला शंभराच्या वर किलोमीटर. माझ्या सोळा हजारांच्या हिशेबात त्याचे पन्नास हजार सहज वाचले असते. सभेनंतर त्याने मला विचारलं, "काकू, मला मिळेल का हो असा प्लग?" घरमालक परगावी. अकरा महिन्यांचा करार. पुढच्या जूनमध्ये हा इथे असेल की नाही ते त्यालाच माहीत नाही. तो भिंतीत अर्थिंग कशाला पुरेल? त्याने त्याच महिन्यात पेट्रोलची घेतली, हप्त्यावर. ज्याला इलेक्ट्रिकचा सगळ्यात जास्त उपयोग, त्याच्याकडे भिंत नाही. मी त्याला माझा प्लग वापर म्हणणार होते, पण ठरावात "सदर प्लग अर्जदाराच्या वाहनाव्यतिरिक्त" वगैरे ओळ होती, आणि मी गप्प बसले. ते मला अजून खटकतं.

बाबांना सगळी हकिगत सांगितली. ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. म्हणाले, "आधी गोठा बघायचा असतो. मग म्हैस." महिनाभर मी म्हशीचं दूध, शिंगं आणि भाव बघत बसले होते.

धुराचं म्हणाल, तर मी पर्यावरणासाठी घेतली असं कुणाला सांगत नाही. माझ्या प्लगमध्ये येणाऱ्या विजेतली बरीचशी कोळशाची, चंद्रपूर-कोराडीकडची. स्वारगेटच्या चौकात माझ्या गाडीतून धूर निघत नाही. तिकडे कुणाच्या तरी छपरावर राख पडते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बहुतेक ताकद नुसती उष्णता होऊन जाते आणि मोटर तेवढं वाया घालवत नाही, हे आहेच. पण चंद्रपूरच्या माणसासमोर हा हिशेब मांडायची माझी छाती नाही.

गाडी दसऱ्याला आणली, १२ ऑक्टोबरला. झेंडूचा हार, हिरवी नंबर प्लेट, चाकाखाली लिंबू. बाबा नारळ हातात धरून थांबलेले. "चालू कर," म्हणाले. मी म्हटलं, "चालूच आहे." त्यांनी वाकून कान लावला.

आता वर्ष उलटून गेलंय. नव्वदचे पंच्याऐंशी झालेत, थंडीत आणखी थोडे कमी. लेकीला मागे बसवून सिंहगडावर गेले. गाडीसकट अडीचशे किलोचा ऐवज सहा-सातशे मीटर वर उचलायचा, म्हणजे नुसत्या चढाला अर्धा युनिट हवा. टक्के भराभर उतरले आणि शेवटच्या वळणांवर मी भजी-पिठल्याचा विचार सोडून पडद्याकडे बघत होते. उतरताना मूठ सोडली की मोटर उलटी वीज भरते. चार टक्के परत मिळाले. चारच, पण घाट उतरताना टाकी भरत चाललीय हे बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून बुधवारी रात्री न चुकता प्लग लावते. संकष्टीसारखं ते अंगवळणी पडलंय. एकदा एका भागासाठी गाडी सर्व्हिस सेंटरला अकरा दिवस अडकली. तो भाग माझ्या मुठीएवढा होता आणि तो कुठून यायचाय हे तिथे कुणालाच सांगता येईना. त्या अकरा दिवसांत मी रोज गॅरेजवाल्यांच्या समोरून रिक्षाने गेले. त्यांनी एकदाही "सांगितलं होतं" असं म्हटलं नाही.

साताऱ्याला दोनदा गेलो, एसटीने. बाबांना खिडकी. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे–नगर धावली आणि २०२२ साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस सोडली, हे त्यांनी मला स्वारगेट ते शिरवळ एवढ्या वेळात सांगितलं. आमची बस डिझेलची होती. घाटात ती अशी काही कण्हत होती, की ते मध्येच थांबले आणि हसले.

दर पहिल्या तारखेला मी सबमीटरचं रीडिंग सेक्रेटरींना देते आणि मग बाबांना. निळी वही संपत आलीय. "पेट्रोल" खोडून वर त्यांनी "युनिट" लिहिलंय, पट्टी धरून, एकाच रेघेत. ऑइलचा रकाना मात्र तसाच. महिन्यामागून महिने त्यात आडवी रेघ.

परवा म्हटलं, "बाबा, हा रकाना कशाला आता? हिला ऑइल लागत नाही."

"मोटर थेट चाकात आहे का?"

"नाही. मध्ये छोटा गिअरबॉक्स आहे."

"मग त्यात काय, हवा आहे?"

मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. आहे म्हणाले, गिअरबॉक्सला ऑइल आहे, ठरावीक किलोमीटरला बदलतात, तुमचं बदललंय मागच्या वेळी.

"किती मिली?" बाबांनी विचारलं.

ते मी विचारलं नव्हतं.

"विचारून घे," ते म्हणाले, आणि पेनचं टोपण काढून बसले.